दुसऱ्या अंकाबद्दल

नागपूर

चि. मुक्ताला, अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता वाचली. पहिला अंक नेटका झालाय. दुसऱ्यात नायिकेच्या हातात तू सुरी दिलीस, तिथं मी अडले. राज्य नाट्य स्पर्धेत टाळ्या पडतील, सायंटिफिक सभागृह दणाणून जाईल. पण ती बाई तिथंच संपली गं. पुढे जगायचंय तिला, ते राहूनच गेलं.

ही सुरी आपल्याकडे जुनीच. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका तिच्यावर अत्याचार करणाऱ्या गुलाबरावाचा सूड स्वतःच घेते. नाना पाटेकर आणि रीमाने ते नाटक गाजवलं. आणि नागपूरकरांना नाटकापर्यंतही जायला नको. 13 ऑगस्ट 2004 ला कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीत अत्याचार करणाऱ्या गुंड अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच संपवलं. त्यावर बेतलेला, रिंकू राजगुरू आणि अमोल पालेकरांचा '200 हल्ला हो' 2021 मध्ये आला. त्याला मी नावं ठेवत नाही. पोलीस ऐकत नव्हते म्हणून बायकांवर ही वेळ आली, हे त्यात येतं. पण 14 ऑगस्टला सकाळी त्या वस्तीत नळावर काय बोलणं झालं असेल? कामावर कोण गेली, कोणाला मालकिणीने दारातूनच परत पाठवलं? पुढे दहा वर्षं खटला चालला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. तुझं नाटक त्या दहा वर्षांत आहे, मुक्ता.

मथुरा प्रकरण तुला कायद्याच्या पुस्तकात भेटलं असेल. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा हिशेब! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. इथे नागपुरात सीमा साखरे उभ्या राहिल्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायलाही तेव्हाच बंदी आली. तिचं नाव मात्र तोवर खटल्यालाच चिकटलं होतं. बघ, मीसुद्धा ते लिहितेच आहे. तिचा निकाल होता तसाच राहिला. मोर्चे, परिसंवाद, दुरुस्त्या चालू असताना ती रोज काय रांधत होती, तिच्याशी कोण बोलत होतं, कोण बोलत नव्हतं, यावर मला तरी एकही नाटक आठवत नाही.

म्हणून सांगते, अत्याचाराचा प्रसंग रंगमंचावर दाखवूच नकोस. लाल प्रकाश, किंकाळी, अंधार, हे सगळं काढ. पडदा वर जाईल तेव्हा सहा महिने उलटून गेलेले असू देत. कोर्टाबाहेरच्या बाकावर ती आणि तिची आई बसल्यात, डबा आणलाय, आणि आतून निरोप येतो की आज साहेब रजेवर. आई म्हणते, "झालं गेलं विसर आता." ती विसरतही नाही, रडतही नाही, बसची वेळ विचारते. तिला मधे एकदा मनसोक्त हसू दे. परीक्षकांना ते खटकेल. खटकू दे.

सुरी काढ आणि दुसरा अंक नव्याने लिही. झाला की आधी मला पाठव, मग स्पर्धेला.

तुझी,
मावशी