दोष हाताचा की नळीचा?

आमच्या शाळेच्या नव्या एअर रायफलचे छर्रे दहा मीटरवरही विखुरत. ‘नेमबाजाचा हात अस्थिर,’ असे कारखानदाराने कळविले. सराव करणारी मुलगी खिन्न झाली. आम्ही दस्त्याचे स्क्रू आवळले, ४.५ मिलिमीटरचे निरनिराळे छर्रे वापरले, स्प्रिंगच्या धक्क्यासाठी रायफल हलक्या हाती धरली. फरक पडेना. अखेर भिंगातून नळीच्या तोंडाची कड एका बाजूस खरखरीत दिसली. तेथे छर्र्यामागची हवा असमान सुटते आणि छर्रा भरकटतो. पाच-पाच छर्र्यांचे लक्ष्यकागद अंतरासह पाठविले. नळी बदलून मिळाली. पत्रात राग नव्हता, पुरावा होता. दुबळ्या हातावर दोष ठेवणे सोपे. न्याय मात्र आधी नळी तपासतो.