पाइनच्या रानातली बेणणी

जमिनीच्या कागदांवर लिहिलं होतं: एकूण 32 एकर, त्यातल्या 25 एकरांवर लॉबलॉली पाइनची तीन वर्षांची लागवड. जागा जॉर्जियात, मेकन शहराच्या दक्षिणेला, कापूस-भुईमुगाच्या पट्ट्यात. आम्ही दोघं नोकरीला अटलांटात, पण स्वतःची झाडं असावीत ही माझी जुनी इच्छा होती, म्हणून ही जमीन घेतली. भर जुलैत आत शिरलो आणि पाइन आहेत कुठे तेच कळेना. कमरेएवढ्या ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, त्यांच्यावर चढलेले हनीसकलचे वेल, आणि त्यातून डोक्याच्या वर गेलेली स्वीटगम, रेड मेपल आणि वॉटर ओकची रोपं. पॅंट मोज्यात खोचली होती तरी घरी आल्यावर पोटऱ्यांवरून गोचिडं काढावी लागली.

मी देवगडकडची. पावसाळा सरला की आंबा-काजूच्या बागेत बेणणी होते, हे लहानपणापासून बघत आलेय. गडी कोयती घेऊन उतरतात, हल्ली ग्रासकटर फिरतो, आणि बाग मोकळी होते. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, पहिल्या वर्षी कुणी बेणणी केली होती का?" ती झालेली नव्हती. आधीच्या मालकाने रोपं लावली आणि पुढे तिकडे फिरकलाच नाही.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा म्हातारा शेतकरी म्हणाला, सरळ जाळून टाका, मी दर दोन-तीन वर्षांनी जाळतो. अवजारांच्या दुकानात सांगितलं, ट्रॅक्टरमागे कटर लावून रांगांमधून फिरवा. कुणी म्हणालं, फवारा मारा. अटलांटातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, निसर्ग आहे, त्याचं त्याला बघू दे. प्रत्येकाच्या बोलण्यात अनुभव होता आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. माझं डोकं चालेनासं झालं.

शेवटी राज्याच्या वनखात्याच्या फॉरेस्टरना बोलावलं. त्यांनी कोयता काढला नाही की फवारणीचं नाव घेतलं नाही. एक खुंटी ठोकली, तिला पावणेबारा फुटांची दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "गोल फिरा आणि आतले पाइन मोजा." एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे एकराचा शंभरावा भाग. आत पाच पाइन असले तर एकरी पाचशे. लागवड 12 फुटांच्या रांगा आणि रांगेत सहा फुटांवर एक रोप अशी होती, म्हणजे मुळात एकरी साधारण सहाशे रोपं. नुसता आकडा घेऊन भागत नाही, असं त्यांनी बजावलं. प्रत्येक पाइनजवळ उभं राहून वर बघायचं. शेंड्याला आभाळ दिसतंय का, की वर दुसऱ्या झाडाच्या फांद्या आहेत?

पहिल्या वर्तुळात पाच पाइन सापडले. तिघांचे शेंडे मोकळे होते. उरलेल्या दोघांवर स्वीटगमची पाच टोकांची पानं पसरली होती, आणि ते दोन पाइन हाताच्या अंगठ्याएवढे बारीक, पिवळट होते. त्याच दिवशी लावलेली, त्याच मातीतली ही रोपं, पण मोकळ्या पाइनचं खोड त्यांच्या दुप्पट जाड. लॉबलॉलीला भरपूर ऊन लागतं. सावलीत तो वर्षं काढतो, पण वाढत नाही. वेगवेगळ्या जागी वर्तुळं घेत गेलो तेव्हा नकाशाच तयार झाला. उंचवट्यावर ब्लॅकबेरी दाट होती, पण पाइनची डोकी तिच्यावर निघाली होती. तिथे काही करायची गरज नव्हती. खालच्या ओलसर भागात स्वीटगमने पाइन दाबले होते. ओढ्याकाठी प्रिव्हेटच्या झुडपांची भिंत उभी होती.

मग एकेका सल्ल्याचा उलगडा झाला. शेजाऱ्याचं जाळणं चुकीचं नव्हतं, पण त्याचे पाइन लाँगलीफ जातीचे. हे झाड पहिली काही वर्षं जमिनीलगत गवताच्या झुबक्यासारखंच दिसतं. त्याची वाढीची कळी लांब सुयांच्या दाट गुच्छात असते. सुया जळतात, कळी वाचते. एकेकाळी अमेरिकेच्या आग्नेय भागात सुमारे नऊ कोटी एकरांवर लाँगलीफची रानं होती, आणि ती वणव्यांवरच टिकली होती. कोवळ्या लॉबलॉलीला मात्र हे कवच नसतं. तो 12 ते 15 फूट उंच होऊन साल जाड होईपर्यंत आग आत आणायची नाही. त्यानंतरही थंडीतली, वाऱ्याच्या उलट दिशेने हळू सरकणारी आग, अनुभवी माणसाच्या हाताखाली आणि त्या दिवसाचा परवाना काढूनच.

कापण्याचं उत्तर तर रानातच होतं. रस्त्याकडेच्या भागात कुणीतरी पूर्वी स्वीटगम तोडले होते. फॉरेस्टरनी पानं बाजूला सारून एक मनगटाएवढा ठोंब दाखवला. त्याच्याभोवती सात-आठ फुटवे सरळसोट वर गेले होते, प्रत्येक माझ्याहून उंच. मुळं शाबूत असली की स्वीटगम ठोंबातूनही फुटतो आणि मुळांतूनही. नुसतं कापलं तर एकाचे आठ होतात. आमच्याकडची रानमोडी आणि घाणेरी आठवली, तीही कापली की अशीच फुटतात. घाणेरी तर मूळची याच अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, शोभेसाठी भारतात नेलेली. इथला प्रिव्हेट तसाच चीनमधून बागेच्या कुंपणासाठी आणलेला. माणसांनी हौसेने नेलेली झुडपं दोन्हीकडे रानांवर बसली आहेत.

उरली औषधं. रसायनांबद्दल माझ्या मनात धास्ती होती आणि अजूनही आहे. म्हणूनच लेबल ओळ न ओळ वाचलं. अमेरिकेत लेबलवरची सूचना मोडणं हा कायद्याचा भंग आहे. इमॅझापिर हे तणनाशक स्वीटगम, मेपल, ओक मारतं आणि लॉबलॉली ते बऱ्यापैकी सोसतो, पण वेळ साधली तरच. ब्लॅकबेरीवर आणि शेंगवर्गीय वेलींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय सगळीच इमॅझापिरची उत्पादनं पाइनच्या अंगावर मारायची नसतात. ट्रायक्लोपिर हे दुसरं तणनाशक पाइनच्या पानांवर पडलं तर पाइनच जातो.

वेळ म्हणजे काय ते सप्टेंबरमध्ये कळलं. फॉरेस्टरनी एका पाइनचा शेंडा वाकवून माझ्या चिमटीत दिला. उन्हाळ्यात तिथे हिरवा, लुसलुशीत कोंब होता. आता टोकाला तपकिरी खवल्यांची कळी बसली होती, टणक आणि किंचित चिकट. ती बसली की त्या सालची वाढ थांबली असं समजायचं. तेव्हाच फवारा, कारण स्वीटगमची पानं अजून हिरवी असतात आणि औषध मुळांपर्यंत उतरवतात.

आम्ही संपूर्ण 25 एकर फवारले नाहीत. परवानाधारक ठेकेदाराकडून फक्त खालचा दाबलेला पट्टा करून घेतला. जुन्या, मांडीएवढ्या स्वीटगम-ओकना छोट्या कुऱ्हाडीने तिरक्या खाचा पाडून प्रत्येक खाचेत औषधाची बेतशीर मात्रा सोडली. हे काम मी स्वतः शिकले, हातमोजे आणि चष्मा लावून. ओढ्याकाठचा प्रिव्हेट थंडीसाठी ठेवला, कारण बाकीची झाडं निष्पर्ण असताना तो हिरवा असतो आणि नेमका तोच गाठता येतो. तिथे पाण्याजवळ चालणारंच औषध वापरायचं. उंचवट्यावरच्या ब्लॅकबेरीला हात लावला नाही. तिथे बॉबव्हाइट जातीचे लावे पक्षी आसरा घेतात, आणि पाइन वर गेले की सावलीने ती आपोआप विरळ होते.

पुढच्या वसंतात खालच्या पट्ट्यातले स्वीटगम फुटले नाहीत. ते वाळून उभे आहेत, आणि उभेच ठेवायचे आहेत. काढायचा खर्च व्यर्थ. मधून ऊन खाली येतं. दाबलेल्या पाइनांना नवे, हिरवेगार शेंडे आले. त्यातले काही मागेच राहतील, ते पंधराव्या वर्षाच्या आसपास होणाऱ्या पहिल्या विरळणीत निघतील.

जमीन घेणाऱ्या, झाडं लावणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगते. रान साफ करणं हे काम नाही, ठेवायच्या झाडाच्या शेंड्याला ऊन मिळवून देणं हे काम आहे. म्हणून हातात कोयता किंवा पंप घेण्याआधी दोरी घ्या, झाडं मोजा, वर बघा. आणि लागवड नवी असेल तर पहिली दोन वर्षं तिच्याकडे पाठ फिरवू नका. त्या वयात केलेली बेणणी सगळ्यात स्वस्त पडते.