डावा पाय आधी

सायकलच्या पायडलाला लावलेला ‘क्लिपलेस’ हा शब्द फसवा आहे. नावात क्लिप नाही, आणि पाय तर खटकन अडकतो. जुनं पायडल पाहिलं की उलगडा होतो. शर्यतीच्या सायकलींना पायडलापुढे धातूचा पिंजरा असायचा, तीच क्लिप. बूट त्यात सरकवायचा, वरून चामडी पट्टा आवळायचा आणि थांबायच्या आधी वाकून हाताने तो सैल करायचा. पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस.

फ्रान्समधल्या ‘लूक’ कंपनीचा मूळ धंदा स्कीच्या बाइंडिंगचा. बर्फावर पडलात तर पाय पट्टीतून सुटलाच पाहिजे, नाहीतर हाड मोडतं. तीच विद्या तिने १९८४मध्ये सायकलच्या पायडलात आणली आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार इनोने त्या पायडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. आधीच्या चारही त्याने पट्टे आवळून जिंकल्या होत्या. पाय सुटणार कसा, या प्रश्नातून हे पायडल जन्मलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

बुटाच्या तळाला लावायचा, पायडलात अडकणारा तुकडा म्हणजे क्लीट. रोड बाइकला तीन स्क्रूंची मोठी, प्लॅस्टिकची क्लीट शोभते, असं सायकलच्या ग्रुपमध्ये बहुतेकांनी सांगितलं. मी दोन स्क्रूंची छोटी, लोखंडी घेतली. शिमानो कंपनीने ही पद्धत १९९०मध्ये डोंगरी सायकलींसाठी आणली. ती तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे माणसासारखं चालता येतं. आमच्या रविवारच्या फेऱ्यांत टपरीपर्यंत चालणं येतंच. शिवाय पुढे २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करायची आहे, साडेतेरा तासांत. तिथे कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, पाणी भरायचं, पुन्हा निघायचं. मोठी प्लॅस्टिकची क्लीट फरशीवर घसरते आणि चालून चालून झिजते. ज्यांना शर्यत लढवायची आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

*

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. हे न कळता पाना लावून मी पाऊण तास जोर केला, म्हणजे ते आणखी घट्ट करत बसले.

*

क्लीट लावण्याआधी टेबलाच्या कडेवर बसून पाय लोंबकळत सोडले. माझं उजवं पाऊल सरळ राहतं, डावं जरा बाहेर वळतं. क्लीट त्याच कोनात लावायची. दोन्ही बूट शोभेसाठी सारखे दिसावेत म्हणून सरळ लावल्या, तर पाऊल हजारो फेरे नको त्या कोनात फिरतं आणि तक्रार गुडघा करतो. मी चवड्याच्या फुगवट्यापेक्षा क्लीट दोन-तीन मिलिमीटर मागे घेतली. लांबच्या फेरीत पोटरी आता कमी भरून येते.

*

पहिला आठवडा सोसायटीच्या कंपाउंडची भिंत धरून काढला. ३ मिमीच्या एलन कीने पायडलाची स्प्रिंग पार सैल केली. पाय आत, टाच बाहेर, पाय मोकळा. डाव्या पायाने शंभरदा.

डावाच का? परदेशी व्हिडिओंत बरेचदा उजवा पाय टेकवायला सांगतात, कारण त्यांच्या रस्त्याची कड उजवीकडे असते. आपली डावीकडे. उजवीकडे झुकलो तर पुण्यातली पीएमपीची बस किंवा डंपर. डावीकडे फार तर फुटपाथ. शिवाय चेन उजव्या बाजूला, म्हणजे पोटरीला काळं ग्रीसही लागत नाही.

*

खडी मशीन चौकात पडले. सिग्नल लाल होताना थांबले, डावा पाय सुटला, तेवढ्यात सायकल उजवीकडे कलली. उजवा पाय अडकलेला. वेग शून्य असतानाचं पडणं संथ असतं, काय होतंय ते सगळं दिसत राहतं. कोपर खरचटलं. मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून रस्ता अडवला आणि म्हणाला, “ताई, उठा सावकाश, गाड्या थांबतील.” त्याचे आभार मानायचे राहिले, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्या दिवसापासून नियम केला. पाय थांबल्यावर काढायचा नाही, तीस पावलं आधी काढायचा. गर्दीच्या चौकात शिरताना डावं पायडल मोकळंच ठेवायचं आणि अंगाचा भार किंचित डावीकडे.

*

पाय वर ओढून दुप्पट ताकद मिळते, असं सांगितलं जातं. मला ते पटलेलं नाही. प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय की मुद्दाम वर ओढल्याने तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. ताकद दाबण्यातूनच येते. मला फायदा दिसला तो बोपदेव घाटाच्या चढात, सीटवरून उठून चालवताना. पावसात पायडल ओलं, रस्ता खडबडीत, तरी पाऊल जागचं हलत नाही. पाय घसरेल ही धास्ती गेली की लक्ष श्वासाकडे जातं.

*

याच घाटाच्या माथ्यावर एकदा डावा पाय सुटेचना. टाच वळवली, बूट वळला, पण ‘खट्’ झालं नाही. पुन्हा वळवली, बूट आणखी वळला. नशिबाने उजवा पाय सुटला आणि त्या बाजूला गाडी नव्हती. मग सायकलवर बसूनच डाव्या बुटाची आवळायची चकती फिरवून बूट ढिला केला आणि पाऊल त्यातून काढून घेतलं. मोजा चिखलात, बूट पायडलाला लटकलेला.

कारण साधं होतं. क्लीटच्या दोन स्क्रूंपैकी एक गळून पडला होता. एकाच स्क्रूवर क्लीट बुटाखाली गोल फिरते, स्प्रिंगला हिसका बसतच नाही. मी ठरवलेल्या कोनात क्लीट दुकानात बसवून घेतली होती आणि स्क्रू नीट आवळलेले नव्हते. आवळायला ५ ते ६ न्यूटन-मीटर लागतात, हे मला नंतर कळलं. पण दोन महिने वापरून मी स्वतः एकदाही तपासले नव्हते, तेही खरं.

आता शनिवारी रात्री बूट उलटे करून बसते. स्क्रूला एलन की लावून पाहते, खाचेतली खडी खिळ्याने काढते. स्क्रूच्या डोक्यात मेणबत्तीचं मेण भरते, म्हणजे पावसाळ्यात तिथे चिखल भरत नाही आणि की बसायला जागा राहते.

*

दुसऱ्या मजल्यावरची मुलगी काल नवे बूट घेऊन आली. “काकू, मला सिंहगड रस्त्याने यायचंय तुमच्याबरोबर. रविवारी जमेल?”

“या रविवारी नाही. आधी भिंतीपाशी.”

तिची स्प्रिंग सैल करून दिली आणि सीट धरून मागे उभी राहिले. तिने उजवा पाय काढला. म्हटलं, डावा. पुन्हा उजवाच. अंधार पडेपर्यंत एकोणीसदा डावा निघाला. उद्या सहाला पुन्हा यायचं ठरलंय.