बावखलाचा हिशेब

‘परिसंस्था’ हा शब्द पाठ्यपुस्तकात फार उशिरा आला. ती वस्तू मात्र आमच्या वसईच्या वाडीत, केळी आणि पानवेलींच्या मधोमध, पिढ्यान्‌पिढ्या भरलेली होती. तिला आम्ही बावखल म्हणतो. पावसाचे पाणी साठवणारे मातीच्या काठांचे तळे, याहून अधिक वर्णन कोणी करीत नसे. परक्याला तो खड्डाच वाटेल. आता घरातही तसे म्हटले जाते. कारण वाटणीत बावखल धाकट्या भावाकडे जाणार आहे, आणि भराव टाकल्यास तेथे इमारत उभी राहू शकते.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली, ती सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर एकत्रच पाहावा या आग्रहाने. पुढे १९४२ मध्ये रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने मिनेसोटातील एका लहानशा तळ्यात कोण कोणाला खातो हे टिपून ऊर्जेचा जमाखर्च मांडला. तज्ज्ञांनी तो निबंध आधी नाकारला होता. तो छापून येण्यापूर्वीच, सत्तावीस वर्षेही पुरी झाली नसताना, लिंडमन वारला. बावखलाकाठी बसले की मला हा अनोळखी मुलगा हटकून आठवतो.

त्याचा हिशेब येथेही लागू पडतो. शेवाळ ऊन खाते, शेवाळाला पाणकिडे, त्यांना मासळी, मासळीला खंड्या. दर पायरीवर बहुतेक ऊर्जा जगण्यातच खर्ची पडते. जेमतेम दहावा हिस्सा वर चढतो, पुष्कळदा तेवढाही नाही. म्हणून शेवाळ अमाप, मासे मोजके आणि खंड्या एखादाच. खर्च झालेली ऊर्जा परतत नाही. द्रव्य मात्र फिरते. गळालेली पाने तळाशी कुजत, उन्हाळ्यात वडील तो काळा गाळ उपसून केळीच्या बुंध्याशी घालीत. बावखलामुळे डास होतात, ही भावाची तक्रार. पण डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुराची पिल्ले त्याच पाण्यात वाढतात, हे तो विसरतो.

खरा प्रश्न जमिनीखालचा आहे. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला आणि उत्तरेला खाड्या. किनाऱ्यालगतच्या भूमीत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सर्वसाधारण नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. वरची पातळी १ फुटाने उतरली की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकते. गेल्या शतकाच्या अखेरीस टँकर भरभरून येथील विहिरींचे पाणी बाहेर गेले, तेव्हा कित्येक विहिरी मचूळ झाल्या. बावखल पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते आणि सावकाश जमिनीत मुरवते.

“दादा, नळ आलाय. विहीर हवीय कोणाला?” भाऊ म्हणाला. त्याचे अगदीच चुकीचे नाही. त्याला दोन मुलगे आहेत आणि केळीवर आज कोणाचे घर चालत नाही.

“पानवेलीला नळ कोण देणार?” मी विचारले. तो गप्प राहिला.

मोजणी पुढल्या महिन्यात आहे. तोवर दर रविवारी विहिरीत दोरी सोडून पातळी नोंदवायची, पाणी चाखून पाहायचे, एवढे त्याने कबूल केले आहे. वही त्याच्या धाकट्याकडे आहे.