सव्वा महिन्याच्या आतले फोटो

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या मित्रमंडळात एकापाठोपाठ एक बाळं झाली आणि प्रत्येकाकडे साधारण सारखाच फोटो दिसू लागला. मऊ कापडात गुंडाळलेलं बाळ, वेताची टोपली, लोकरीची टोपी, हनुवटीखाली दोन्ही हात. फोटो गोड असतात, प्रश्नच नाही. पण दहा घरांतले दहा फोटो शेजारी ठेवले, तर कुठलं बाळ कुणाचं हे सांगायला खाली नाव लिहावं लागेल.

आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा आम्हीही इंदूरमधल्या एका स्टुडिओत चौकशी केली. त्यांनी सांगितलं, बाळ पाच ते चौदा दिवसांचं असताना आणा. तेव्हा ते गाढ झोपतं, हातपाय पोटाशी घेऊन राहतं, त्यामुळे हवं तसं ठेवता येतं. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण आमच्या घरात आजीचा नियम असा की बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. बायकोचं सिझेरियन झालेलं, डिसेंबरची थंडी, त्यामुळे तिलाही हा नियम मनापासून पटला होता. स्टुडिओला बाळ ज्या दिवसांत हवं, नेमके तेच दिवस घरात राहायचे होते.

तेव्हा फोटोग्राफरलाच घरी बोलवायचं ठरलं. हल्ली असे घरी येऊन, सावकाश, बाळाच्या कलाने फोटो काढणारे बऱ्याच शहरांत मिळतात. आम्हाला एक ताई मिळाल्या. खोलीत बाळंतीण, बाळाला सारखं पाजायचं, त्यामुळे बाईच असलेली बरी, असं बायकोचं म्हणणं होतं. ही अडचण काही आजची नाही. राजा दीनदयाळ हे रुरकीला इंजिनियरिंग शिकून १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून आले. पुढे ते निजामाचे फोटोग्राफर झाले. पडद्यातल्या बायकांना संकोच वाटू नये म्हणून त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी मोकळं वाटलं पाहिजे, हे त्या इंजिनियरला तेव्हाच कळलं होतं.

खरा प्रश्न आजीचा होता. ती म्हणाली, "बारशाच्या आधी फोटो नको." कारण विचारलं तर आधी "दृष्ट लागते" एवढंच उत्तर. मग दुपारी, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असताना, तिने आपणहून सांगितलं. तिचा पहिला मुलगा १९५८ साली अठरा दिवसांचा होऊन गेला. बाबांच्या आधी कुणी होतं, हे मला ठाऊक होतं. अठरा दिवस हे ठाऊक नव्हतं. त्याचा फोटो नाही. कुणी काढला नाही, काढायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

"फोटो काढला म्हणून जातं असं नाही रे," आजी म्हणाली. "पण तेव्हा जीव लावायचीच भीती वाटायची. बारसं होईपर्यंत लोक बाळाकडे नीट बघतसुद्धा नसत."

१९५१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. हे आकडे समोर ठेवले की दृष्ट, तीट, सव्वा महिना या सगळ्याकडे बघून हसू येत नाही. ज्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, त्यांनी निदान काळजी घेण्याचे नियम केले. त्यातला एक, म्हणजे बाहेरच्या माणसांपासून आणि गारठ्यापासून बाळाला जपायचं, हा तर आजही डॉक्टर सांगतात.

आजीने स्वतःच तोड काढली. "बारसं होऊ द्या, मग काढा. तीट मात्र मी लावणार." बारावा दिवस पार पडला आणि पंधराव्या दिवशी ताई आल्या.

त्यांनी आल्या आल्या हात धुतले, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं आणि खिडकीचा पडदा सारला. फ्लॅश नाही, दिवे नाहीत. आमच्या आतल्या खोलीत सकाळी दहानंतर चांगला उजेड येतो, तेवढ्यावर काम. आपल्याला किंचित उकडेल इतकी खोली उबदार ठेवा, हे त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. पहिला पाऊण तास एकही फोटो निघाला नाही. बाळ रडलं, प्यालं, ढेकर निघेना म्हणून सासूबाईंच्या खांद्यावर गेलं, दुपटं ओलं केलं. माझ्यासारख्या डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागला. ताई मात्र पोहे खात आजीशी डिंकाच्या लाडवांवर बोलत होत्या. "वेळापत्रक तिचं," बाळाकडे बघून त्या म्हणाल्या, "आपण फक्त हजर राहायचं."

मी त्यांना त्या हनुवटीखाली हात घेतलेल्या फोटोबद्दल विचारलं. तो बहुतेक वेळा दोन फोटो जोडून केलेला असतो, हे त्यांच्याकडून कळलं. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात धरलेले. नंतर धरणाऱ्याची बोटं कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. नवजात बाळाला मान सावरता येत नाही, तेव्हा घरी मोबाइल घेऊन हा प्रयोग कुणीही करू नये. रंगाचंही तसंच. बाळाचा पिवळेपणा एडिटिंगमध्ये सहज घालवता येतो, म्हणून कावीळ आहे की नाही हे फोटोत बघून ठरवू नये; दिवसाच्या उजेडात बाळ बघावं आणि शंका आली तर डॉक्टरांना दाखवावं.

तीन तासांत जे फोटो निघाले त्यांत टोपली नव्हती. माझ्याच लहानपणीची, आईने जपून ठेवलेली कुंची होती. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी होती. अंघोळ घालणाऱ्या मावशींच्या हातातली धुरीची वाटी होती. नाकावरचे बारीक पांढरे ठिपके होते, घोट्यापाशी सुटणारी सालं होती. दोन्ही गोष्टी थोड्याच दिवसांत गेल्या आणि आता फोटोतच उरल्या आहेत.

आणि मुख्य म्हणजे बायको होती. पहिल्या पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर मिळून ६४० फोटो निघाले होते. तिने एका रात्री, पाजता पाजता, ते सगळे बघितले. ती पूर्ण दिसेल असे त्यात नऊ होते. बाकीच्यांत तिचा हात, खांदा, गाऊनची बाही. "बाळ मीच आणलंय ना?" तिने विचारलं. ती हसत होती, पण प्रश्न गमतीचा नव्हता. घरी येणारं प्रत्येक माणूस बाळ बघायला येतं. टाके दुखत असताना दर दोन तासांनी उठणारी बाई कुणाच्या चौकटीत बसत नाही.

नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. ताईंनी बरोब्बर तो क्षण टिपला. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, अंगावर शाल, आणि बाळ तिच्याकडे टक लावून बघतंय. बायकोने तो फोटो बघितला आणि म्हणाली, "यात काही एडिट करू नका." आजीने गालावर लावलेली ठसठशीत तीटही तशीच राहिली.

फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत हे आमचं आधीच ठरलं होतं. ताईंनाही ते पैसे देण्याआधी सांगितलं, कारण काही जण बाळाचे फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरतात आणि त्याबद्दल बिलात सूट देतात. मुलीचा चेहरा, जन्मतारीख, घराचं लोकेशन हे सगळं ती बोलायला लागण्याआधी हजार अनोळखी मोबाइलमध्ये का जावं? मी आजीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी दुसरं काय म्हणत होते?" तिची दृष्ट आणि माझी प्रायव्हसी यांत फार अंतर नाही, हे मला मान्य करावं लागलं.

तुमच्याकडे पाहुणा येणार असेल तर माझा सल्ला एवढाच: फोटोग्राफर नाही परवडला तरी चालेल. खिडकीजवळ बसा, घाई करू नका आणि मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन बाळाच्या आईला आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चौकटीत घ्या. आणि चार तरी प्रिंट काढा. हार्ड डिस्क बिघडतात, पासवर्ड विसरतात, कागद टिकतो.

आमच्या प्रिंट चार दिवसांनी आल्या. आजीने चष्मा लावून आपल्या मांडीवरच्या पणतीचा फोटो बराच वेळ बघितला आणि मागे तारीख लिहायला सांगितली. मी लिहिली. मग तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "आज एकोणिसावा." त्या संध्याकाळी तिने देवापुढे साखर ठेवली आणि घरात सगळ्यांच्या हातावर दिली. कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही.