पॅड बांधून बसलेली

आयटीत "पाच मिनिटं वेळ आहे का रे?" या प्रश्नाचे दोनच अर्थ होतात. एक, लग्न ठरलंय. दोन, पेपर टाकलाय. आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, आवाज खाली आणून विचारलं असेल तर नक्कीच दुसरा. ३१ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या टीममधल्या सांगलीने मला असं विचारलं आणि पोटात गोळाच आला.

सांगली हे अर्थात तिचं नाव नाही. होस्टेलवर गावाच्या नावाने हाका मारतात, तीच पद्धत आमच्या टीममध्ये आहे. मी नगर. (सरकारने गावाचं नाव बदललं तरी मी आपला नगरच राहिलो.) दीड वर्षापूर्वी ती जॉइन झाली तेव्हा मला 'सर' म्हणायची. तीन दिवसांत ती सवय मोडली. बाकी तिला शिकवण्यासारखं फार काही नव्हतंच, पोरगी हुशार. कोड वाचायची तो गोष्टीचं पुस्तक वाचल्यासारखा, पहिल्या पानापासून.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर माझा शहाणपणा नीट कळणार नाही.

आमचा क्लायंट इंग्लंडमधला. रोज रात्री एक जॉब चालतो. दिवसभराचे व्यवहार बँकेच्या फाइलशी ताडून बघायचे आणि ज्यांचे पैसे परत द्यायचेत त्यांची यादी बँकेकडे पाठवायची. हा जॉब मी २०२१ मध्ये लिहिला, लॉकडाऊनमध्ये, नगरच्या घरी, आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून. त्यात कमेंट नावालाही नाही. डॉक्युमेंटेशन म्हणजे मी. कुणी हात लावायला गेलं की आधी मला विचारायचं, आणि मी म्हणायचो, "ठेव, मी बघतो." खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. प्रत्येक अप्रेझलला मॅनेजरने माझी पाठ थोपटली ती याच गोष्टीसाठी. 'याच्याशिवाय पान हलत नाही.' हे कौतुक नसून धोक्याची सूचना आहे, हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

हा जॉब आधी तिकडच्या पहाटे पाचला चालायचा. जून २०२५ मध्ये क्लायंटने तो दीड वाजता हवा म्हणून सांगितलं. एका ओळीचा बदल, मी जेवता जेवता करून टाकला.

ऑगस्टमध्ये सांगली माझ्या डेस्कशी आली. म्हणाली, "अरे, तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनला घड्याळं मागे करून पुन्हा एक वाजवतात. मग त्या रात्री दीड दोनदा वाजणार. आपला जॉब दोनदा चालेल का? आणि मार्चमध्ये एकचे थेट दोन होतात, तेव्हा तर दीड वाजतच नाही. मी करू का फिक्स?"

आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करायची भानगडच नाही, त्यामुळे हे आपल्या चटकन डोक्यात येत नाही. तिच्या आलं. मी काय म्हणालो असेन, ओळखा पाहू.

"ठेव, मी बघतो."

रिलीज होतं, मग गणपती आले, मग दसरा. २६ ऑक्टोबरच्या रविवारी, दिवाळी करून नुकताच पुण्याला परतलो होतो. आपल्या सकाळी सहाला जॉब चालला आणि सातला पुन्हा चालला. सगळे परतावे दोनदा. नशीब, रविवार असल्यामुळे बँक यादी सोमवारी उचलणार होती. मी चार तास कॉलवर होतो. दुसरी यादी शोधली, रद्द केली, तपासली. स्क्रीन माझी, कीबोर्ड माझा. सांगली त्या कॉलवर पूर्ण वेळ होती. म्यूटवर. शेवटी क्लायंटने "नेहमीप्रमाणे उत्तम काम" म्हणून माझे आभार मानले आणि मी ते घेतलेही. ऑगस्टमध्ये हे कुणी सांगितलं होतं, ते त्या कॉलवर बोलायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही असं लिहितोय... सुचलं होतं.

तर, तो शुक्रवार. हिंजवडीतली टपरी, कटिंग, आणि सांगली. मला वाटलं होतं रविवारवरून भांडेल. तसं काही नाही. बंगळुरूला ऑफर आहे म्हणाली, साठ दिवसांचा नोटीस पिरियड. मी पगाराचं विचारलं. तिने जरा कीव आल्यासारखं बघितलं माझ्याकडे.

"तू दीड वर्षात मला काही मोडू दिलं नाहीस रे. चूक झाली तर निस्तरशील अशी एकही गोष्ट माझ्या हातात दिली नाहीस. मी आपली पॅड बांधून बसलेय आणि तू आउटच होत नाहीस."

ती क्रिकेटवाली आहे. सहज बोलून गेली असेल. पण दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, आम्ही फ्लॅटवर वर्ल्ड कप फायनल बघत होतो. मध्यरात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि सगळी सोसायटी जागी झाली. कॅमेरा कोच अमोल मुझुमदारवर गेला आणि बाबांचा फोन आला. बाबा तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. त्यांच्याकडून आझाद मैदानाची ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. १९८८, हॅरिस शील्ड, सचिन आणि कांबळीची ६६४ धावांची भागीदारी. आणि पुढच्या नंबरचा मुझुमदार सगळा वेळ पॅड बांधून बसलेला. त्याचा नंबर आलाच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा केल्या तरी भारताच्या टीममध्ये आला नाही तो नाहीच.

एरवी ही गोष्ट ऐकताना मी सचिनच्या बाजूने असायचो. कोण नसतो? त्या रात्री पहिल्यांदा बाकावरून बघितली. आणि त्याच फायनलमध्ये सामनावीर कोण, तर शफाली वर्मा. मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या तोंडावर आलेली. ८७ धावा केल्याच, वर हरमनप्रीतने तिच्यासारख्या क्वचितच गोलंदाजी करणारीच्या हातात चेंडू दिला आणि तिने दोन विकेट काढल्या.

माझ्याकडे माझं समर्थन तयार असायचं. फ्रेड ब्रूक्सचं १९७५ चं 'द मिथिकल मॅन-मंथ' आमच्या धंद्यात पोथीसारखं वाचतात. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर अजून उशीर होतो, हे त्यातलं प्रसिद्ध वचन. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. आणि पाच माणसांत बोलण्याच्या दहा जोड्या असतात, त्या दहा माणसांत पंचेचाळीस होतात. हे मी मीटिंगमध्ये कितीदा तरी ऐकवलंय. शिकवायला तीन दिवस, मी करायला एक दिवस, मग कशाला? फक्त ब्रूक्स बोलतोय ते आधीच उशीर झालेल्या कामाबद्दल. आमच्याकडे मधले निवांत महिनेही होते, आणि ते मी "ठेव, मी बघतो" मध्ये घालवले.

सोमवारी मी क्लायंटला मेल लिहिला की हा दोष आमच्याकडे ऑगस्टमध्येच सापडला होता, कुणाला सापडला होता आणि कुणी बाजूला ठेवला. मॅनेजर वैतागले, असं लेखी कशाला द्यायचं? मग तो जॉब सांगलीच्या नावावर केला. उरलेल्या साठ दिवसांसाठी का होईना.

तिने वेळापत्रक यूटीसीवर नेलं आणि त्याच दिवसाची यादी पुन्हा पाठवता येणार नाही अशी सोय केली. डिसेंबरमध्ये ते लाइव्ह गेलं आणि दुसऱ्याच सकाळी जॉब चाललाच नाही. मला पाच मिनिटांत कळलं, एक सेटिंग नव्या सर्व्हरवर टाकायचं राहिलं होतं. हात अक्षरशः शिवशिवत होते. खाली जाऊन दोन चहा प्यायलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. तिला साडेतीन तास लागले. पण त्या साडेतीन तासांत तिला आणखी एक गोष्ट सापडली. जॉब पडला की जो मेल जातो, तो २०२२ मध्ये कंपनी सोडून गेलेल्या एकाच्या पत्त्यावर जात होता. पाच मिनिटांत सुटलो असतो तर मला ते दिसलं नसतं. चार वर्षं दिसलं नव्हतंच की!

ती थांबेल अशी मला आशा होती. थांबली नाही. शब्द दिलाय म्हणाली तिकडे, आणि बरोबरच आहे.

शेवटच्या आठवड्यात ती नव्या पोराला, लातूरला, हँडओव्हर देत होती. डिप्लॉयमेंट तो करत होता, ती शेजारी हाताची घडी घालून बसलेली. त्याने एक कमांड चुकीची टाइप केली. मला लांबून दिसली. तिलाही दिसली असणार, कारण तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"चहा?" मी खुणेनेच विचारलं. आणि आम्ही दोघं खाली गेलो.