सोपाऱ्याचा स्तूप आणि आमचा मित्र

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावरून पश्चिमेकडे गेले की, वस्तीला लागूनच विटांचा जुना स्तूप आहे. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथे उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या पोटातून दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक आणि आठ लहान मूर्ती होत्या. त्या ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही मिळाले. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

आमचे एक कालकथित मित्र होते. दिवसभर गिरणीत राबणारा हा माणूस रविवारी जुनी नाणी, पत्रके, सभांच्या जाहिराती आणि वर्तमानपत्रांची कात्रणे गोळा करी. कान्हेरी असो वा सोपारा, आम्ही दोघे डबा घेऊन निघत असू. स्तूपाजवळ पोरे विटांचे तुकडे उचलू लागली की ते म्हणत, "बाळांनो, ठेवा ते. तिथे आहे तोवर ते बोलते. घरी नेले की मुके होते."

याचा अर्थ ते त्या नाण्यावरूनच समजावून सांगत. नाणे करंडकासोबत सापडले, म्हणून स्तूपाचा काळ ठरवायला आधार मिळाला. तेच कोणी आधी उचलून खिशात घातले असते तर? चांदी उरली असती, इतिहास गेला असता.

म्हणून त्यांच्या संग्रहातील प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी असे : वस्तू कोठे मिळाली, कोणी दिली, कोणत्या दिवशी. ते गेल्यावर रद्दीवाला ट्रंकेतील कागदांचा भाव वजनावर करू लागला. वहिनींनी चिठ्ठ्या वाचल्या आणि ट्रंक बंद केली. आता त्यांची नात त्या कागदांची यादी करते आहे.

सोपाऱ्यास १८८२ सालीच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेस निघाला, असे तो लेख सांगतो. तेव्हा वाचकहो, मुलाबाळांना घेऊन सोपाऱ्यास अवश्य जा. येताना वीट आणू नका. घरी आल्यावर मात्र आजोबांच्या जुन्या फोटोमागे नाव, गाव आणि साल तेवढे लिहून ठेवा.